चीन हल्ला करणार, हे कोल्हापूरच्या जनरलने १९५९ मध्येच लिहून दिलं होतं

२० ऑक्टोबर १९६२. पहाटेच नामका चू नदीकाठी चिनी तोफा सुरू झाल्या. पुढच्या महिनाभरात तवांग, से ला, बोमडिला असं एकेक ठाणं हातातून गेलं. चीनने अचानक दगा दिला, असं आजही सांगितलं जातं.

पण एका मराठी अधिकाऱ्याने तीन वर्षं आधीच हे लेखी कळवलं होतं. त्यांचं नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजेच एस. पी. पी. थोरात.

थोरातांचा जन्म १९०६ चा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. त्या काळात भारतात अधिकारी घडवणारी अकादमी नव्हती. डेहराडूनची आयएमए सुरू झाली १९३२ मध्ये. त्याआधी अधिकारी व्हायचं तर इंग्लंडमधलं सँडहर्स्ट गाठावं लागायचं आणि १९१८ पासून तिथे हिंदी मुलांसाठी वर्षाला फक्त दहा जागा ठेवलेल्या होत्या. थोरातांनी त्यातली एक मिळवली आणि १९२६ मध्ये ते कमिशन घेऊन बाहेर पडले.

अधिकारी झाले तरी बरोबरीचा मान नव्हता. हिंदी माणसाच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्यांना काम करावं लागू नये, म्हणून इंग्रजांनी आठ पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या काढल्या होत्या. त्यातल्याच १/१४ पंजाबमध्ये थोरात गेले. पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले अयूब खानही याच पलटणीचे.

हिंदी अधिकारी लढाईत पलटण सांभाळू शकतात का, ही शंका जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगाव इथे कायमची मिटली. तिथे जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या ५१ ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांच्या २/२ पंजाबने जपान्यांच्या ताब्यातली टेकडी हातघाईची लढाई करून घेतली. तिघांनाही डीएसओ हा शौर्याचा सन्मान मिळाला.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये कामगिरी आली ती कोरियाची. युद्ध थांबलं होतं, पण मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांहून जास्त कैदी भारतीय फौजेकडे सोपवण्यात आले. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाने तर भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पायही ठेवू दिला नाही. त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं.

सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला तारेच्या कुंपणाआड ओलीस धरलं. गोळीबार केला असता तर मोठा रक्तपात झाला असता. थोरात स्वतः त्या जमावात गेले, बोलून वातावरण निवळवलं आणि मेजरला सोडवून आणलं. या धाडसासाठी त्यांना अशोक चक्र वर्ग २ मिळालं. आज त्यालाच कीर्ती चक्र म्हणतात.

आता मूळ मुद्दा. १९५७ मध्ये थोरात पूर्व कमांडचे प्रमुख झाले. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिनी सैनिकांशी चकमक झाली आणि त्यानंतर नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची सीमा लष्कराकडे आली.

त्याच ऑक्टोबरमध्ये थोरातांनी सविस्तर अहवाल दिला. म्हणणं सरळ होतं. चीनकडून धोका खरा आहे. मॅकमहोन रेषेवर सगळीकडे उभं राहून लढता येणार नाही, कारण तिथवर रस्तेच नाहीत. पुढे फक्त चौक्या ठेवा. खरी लढाई मागे, बोमडिलापासून जयरामपूरपर्यंतच्या फळीवर द्या. तिथे आपली रसद पोहोचते आणि शत्रूची रसद ताणली जाते. त्यासाठी जादा सैन्य आणि रस्ते लागतील.

लष्करप्रमुख थिमय्यांनी अहवाल संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेनन यांनी उगाच भीती घालणारा म्हणून तो बाजूला सारला. मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन हेच चित्र पुन्हा मांडलं. तरीही काही हललं नाही.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत, असं त्यांचं मत होतं. पण निवड झाली थोडे सीनियर असलेल्या पी. एन. थापर यांची. थोरात निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले. सरकारने मात्र पुढे पुढे चौक्या उभारायचं धोरण घेतलं. पुढच्या वर्षी युद्ध झालं ते बरंचसं थोरातांनी वर्तवल्यासारखंच.

युद्धानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावलं, अहवाल पाहिला आणि हा आपल्याला आधी का दाखवला नाही असं विचारलं, अशी नोंद थोरातांनी आत्मचरित्रात केली आहे. मेनन यांचं पद तोवर गेलं होतं, पण सीमेवर पडलेले जवान परत येणार नव्हते.

पुढे थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. कांगाव आणि कोरियातली त्यांची कामगिरी मोठीच, पण सगळ्यात जास्त मोल होतं त्या अहवालाचं. तो वेळेत वाचला गेला असता, तर निदान जवानांना जमिनीचा अंदाज न घेता, अपुऱ्या रसदीवर पुढे उभं राहावं लागलं नसतं.