रँग्लर परांजपे : शिक्षकांना सोबत देणारे शिक्षक

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोली तालुक्यातील मुर्डी गावी झाला. नात्यातल्याच धोंडो केशव कर्व्यांच्या आधाराने ते शिकले. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले येऊन ‘सीनियर रँग्लर’ होणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवायला परतले. १९०२ पासून ते तेथे अनेक वर्षे प्राचार्य होते. पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्रीही झाले.

त्यांचे एक काम मात्र फारसे कुणाला आठवत नाही. १९०७ मध्ये मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर यांनी गणितप्रेमींची एक संस्था काढली. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिच्या ग्रंथालयाला परांजप्यांनी फर्ग्युसनमध्ये आसरा दिला. तेथून पुस्तके आणि नियतकालिके टपालाने दूरदूरच्या सभासदांकडे जात. लहान गावात एकट्याने गणित शिकवणाऱ्याला त्यामुळे नवे काय चालले आहे ते कळे. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. परांजपे ६ मे १९६६ रोजी वारले.

यवतमाळ, पुसद, वणीकडच्या शिक्षकांनाही अशी सोबत हवी. मेळाव्याच्या वर्गणीतून शाळेला बाके, पंखे देऊच; आपल्या गणित-विज्ञान शिक्षकांना त्यांच्या संघटनेची वर्गणी आणि अधिवेशनाचा प्रवासखर्चही देऊ या.