बोटांची हाडं जगाला दाखवणारे राँटजेन

एका हाताच्या बोटांत 14 हाडं असतात. अंगठ्यात दोन आणि बाकीच्या बोटांत तीन-तीन. पायाच्या बोटांचं गणितही हेच. पण जिवंत माणसाची ही हाडं कातडी न कापता पहिल्यांदा दिसली, ती एका जर्मन प्राध्यापकामुळे!

विल्हेल्म राँटजेन यांचा जन्म 1845 चा. बालपण नेदरलँड्समध्ये गेलं. दुसऱ्याच मुलाने काढलेल्या शिक्षकाच्या व्यंगचित्रावरून त्यांना शाळेतून काढलं गेलं. तरी झुरिचला शिकून पुढे ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले.

8 नोव्हेंबर 1895 रोजी त्यांना प्रयोगशाळेत अनोळखी किरण सापडले. नाव दिलं, एक्स-रे. 22 डिसेंबरला पत्नी बर्था यांचा हात त्यांनी फोटोच्या काचेवर ठेवून किरण सोडले. बोटांची हाडं आणि अंगठी स्पष्ट उमटली. आज दारात बोट चेमटलं की डॉक्टर जो एक्स-रे काढायला सांगतात, त्याची ही सुरुवात.

1901 मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. बक्षिसाची रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. शोध सर्वांना वापरता यावा म्हणून पेटंटही घेतलं नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रचंड महागाईत त्यांची बचत मातीमोल झाली. 1923 मध्ये म्युनिकला त्यांचं निधन झालं.