फाळक्यांची धरसोड

या स्मरणिकेसाठी आपण सगळ्यांकडून जे माहितीपत्रक भरून घेतलं, त्यात ‘व्यवसाय’ या शब्दापुढे एकच ओळ होती. काहींना ती पुरली. काहींनी समासात लिहून मग पान उलटलं. आणि काहींनी ती चक्क कोरी सोडली. कोरी सोडणाऱ्यांपैकी दोघांना फोन केला, तेव्हा कळलं की लिहिण्यासारखं फार होतं, म्हणूनच लिहिलं नव्हतं. इतक्या नोकऱ्या, इतके धंदे एका ओळीत मांडायचे म्हणजे आपणच आपल्याला धरसोड्या म्हणवून घ्यायचं. संपादक मंडळाने माझ्याकडे एखाद्या थोर व्यक्तीवर चरित्रलेख मागितला, तेव्हा या कोऱ्या ओळी डोक्यात होत्या. म्हणून दादासाहेब फाळके.

शाळेत आपण त्यांच्याबद्दल एकच वाक्य शिकलो. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात हमखास यायचं. पण ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेव्हा फाळके ४३ वर्षांचे होते, हे कुणी सांगितलं नाही. त्याआधीची पंचवीसेक वर्षं हा माणूस काय करत होता?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित, घरात वैदिक परंपरा. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला येऊन कलाभवनात शिकले. तिथे तैलरंग, जलरंग, छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया असं सगळंच हाताखालून घातलं. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती ठेवली आणि सुवर्णपदक मिळवलं.

मग पोटापाण्यासाठी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा. तो जरा मार्गी लागतोय तोच प्लेग आला आणि १९०० साली पत्नी आणि मूल दोघंही गेली. गोध्रा सुटलं. परत बडोद्यात येऊन स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसाचं आयुष्य शोषून घेतो अशी समजूत लोकांत पसरलेली! गिऱ्हाईकच फिरकेना. फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले, किरकोळ भूमिकाही केल्या. त्याच सुमारास एका फिरत्या जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. तिशी ओलांडलेला, विधुर झालेला, चार ठिकाणी हात घालून कुठेच न टिकलेला माणूस. त्या काळच्या एखाद्या वधूपित्याच्या नजरेने पाहा म्हणजे काय चित्र दिसत असेल ते कळेल. तरीही १९०२ मध्ये किरकोस्कर नव्हे, किर्लोस्कर नाटक मंडळींशी नातं असलेल्या करंदीकरांच्या घरातली गिरिजा त्यांच्याशी लग्न करून आली. तिचं नाव सरस्वती ठेवलं. सरस्वतीबाईंकडे पुन्हा यायचंच आहे.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार. तीही १९०६ मध्ये सोडली आणि लोणावळ्याला ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ उभं केलं. राजा रविवर्म्याच्या छापखान्याची कामं तिथे व्हायची. देवादिकांची जी चित्रं घराघरांतल्या भिंतींवर गेली, त्यांच्या मागचं तंत्र फाळक्यांच्या हाताखालून जात होतं. पुढे छापखाना दादरला आला, नवा भागीदार मिळाला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असं नाव पडलं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालू लागला आणि भागीदारांशी बिनसलं. चालत्या धंद्यातून हा गृहस्थ पैचीही मागणी न करता बाहेर पडला.

इथे जरा थांबून पाहावंसं वाटतं. फाळक्यांनी एवढ्या जागा सोडल्या, पण शिकलेली एकही विद्या सोडली नाही. सोडलं ते गाव, साहेब आणि बहुतेक वेळा भागीदार. आपण धरसोड म्हणतो तेव्हा या दोन्ही गोष्टींची गल्लत करतो.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि यांच्या मनात राम आणि कृष्ण हलू लागले होते. रविवर्म्याची चित्रं छापलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? नंतरचे महिने मिळतील ते चित्रपट पाहण्यात गेले. जागरणांनी डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या कागदांवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना हेपवर्थ यांच्या स्टुडिओपर्यंत पोचवलं. काम पाहून, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते परतले.

पैसे लावायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढला. पाहणाऱ्याला ती जादूच वाटली असणार, आणि प्रोफेसर केल्फांना अपेक्षितही तेच होतं. पैसे उभे राहिले, तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये फाळक्यांचे सगळे जुने धंदे कामाला लागले. पडदे रंगवलेल्या हाताने देखावे उभे केले, नाटकातल्या अनुभवाने नट तालमीला बसवले, छापखान्यातल्या रसायनांच्या ज्ञानावर फिल्म धुतली. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच! रोहिदास म्हणजे फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. आणि सरस्वतीबाई? दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं. त्यांच्यासाठीही माहितीपत्रकातली एक ओळ पुरली नसती. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात चित्रपट लागला आणि चालला.

एवढ्यावर लेख संपवला असता तर सोयीचं झालं असतं. पण फाळके यशानंतरही बदलले नाहीत. बिऱ्हाड नाशिकला हलवलं, एकामागून एक चित्रपट काढले. १९१८ मध्ये भांडवलदारांना बरोबर घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. आणि पुन्हा भागीदारांशी खटका! सगळं सोडून ते कुटुंबासह काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, ते फारसं चाललं नाही. पुढे ते कंपनीत परतले, पण पहिली घडी बसली नाही. भागीदारांचंच चुकत होतं असं मला वाटत नाही. खर्चाचा हिशेब विचारला की ज्याला अपमान वाटतो, त्याच्याबरोबर धंदा करणं सोपं नसतं. घरच्यांनी तर प्रत्येक वेळी नव्या गावात नवी चूल मांडली.

मग बोलपट आले. मूक म्हणून काढलेल्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये, ६७ व्या वर्षी, त्यांनी कोल्हापूरला ‘गंगावतरण’ केला. तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला १९६९ मध्ये.

फाळक्यांचं बरंचसं काम नष्ट झालं आहे. उरलेल्या तुकड्यांत चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा त्यांचा एक छोटा पट आहे. मिळाला तर जरूर पाहा. त्यात फाळके स्वतः नटांना शिकवताना आणि फिल्म हातात घेऊन तपासताना दिसतात.