फादर स्टीफन्स : क्रिस्तपुराणाचे कर्ते

पवारांच्या मागे माळव्यात आलेल्या आम्हा धार-देवासकरांच्या घरांत मराठी टिकली ती पोथ्या, ओव्या आणि आरत्यांमुळे. म्हणूनच मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचणाऱ्या एका इंग्रज पाद्रीची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

थॉमस स्टीफन्स हे विल्टशर परगण्याचे. त्या काळी इंग्लंडात कॅथलिकांना थारा नव्हता. ते रोमला गेले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या संघाचे रुडॉल्फ आक्वाविवा गोव्याहून अकबराच्या भेटीला निघाले. त्यांची वाट आपल्या मांडूवरून, उज्जैन-सारंगपूरमार्गे फत्तेपूर सिक्रीकडे गेली. स्टीफन्स मात्र गोव्यातच राहिले.

आक्वाविवा परतले ते मरणाकडेच. देवळे पाडल्यामुळे साष्टीत संताप धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी त्यांना चार सहकाऱ्यांसह ठार केले. मृतदेह ताब्यात घेण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून मारले, हेही विसरता येत नाही.

त्याच मुलखात स्टीफन्स यांचे उरलेले आयुष्य गेले. ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, आणि त्यांच्या जागी गायला-ऐकायला काही नव्हते. स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीत बसवली. स्वर्गाला वैकुंठ म्हणायलाही ते कचरले नाहीत. अनेकांना ठाऊक असलेली मराठीची स्तुती याच ग्रंथातली. धर्मप्रसार हा हेतू उघड होता. पण परक्या भाषेवर इतकी माया जडणे हेतूने साधत नाही, असे आमचे मत.

आपल्या लिपीचे खिळे पाडावेत म्हणून त्यांनी १६०८ मध्ये रोमला लिहिले. ते झाले नाही. १६१६ मध्ये राचोलला क्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. १६१९ मध्ये ते वारले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये निघाले.

गोव्यातून मंगळुराकडे गेलेली ख्रिस्ती कुटुंबे हे पुराण सोबत घेऊन गेली. घरी कोकणी, बाहेर कानडी-तुळू, आणि उपवासकाळात मराठी ओव्या! १९०७ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला, तोही मंगळुरातच.