हिप्परग्याचे गुरुजी : स्वामी रामानंद तीर्थ

बेगम बाजारात राहणाऱ्या मराठी मुलाच्या कानांवर दिवसभरात किती भाषा पडतात! बाजारात हिंदी आणि मारवाडी, रस्त्यावर दखनी, शेजारी तेलुगू आणि घरात मराठी. शाळेत पाऊल टाकल्यावर मात्र गणितातील प्रमेय असो वा भूगोलातील मोसमी वारे असोत, सारे काही तो मराठीतून शिकतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यासाठी कुणाला झगडावे लागले असेल हे मनातही येत नाही. ज्यांनी हा झगडा प्रथम खेड्यातील एका वर्गात आणि नंतर तुरुंगाच्या भिंतींआड चालविला, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र आपण प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. जन्म कन्नड मुलखातला, पण शिक्षण मराठीतून झाले. सोलापुरात शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाल्याची वार्ता आली. वयाची सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलाने त्या प्रसंगी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. लहान वयातील असे निश्चय बहुधा वाऱ्यावर विरून जातात. हा मात्र अखेरच्या श्वासापर्यंत टिकला. असहकाराच्या दिवसांत त्यांनी सरकारी शाळा सोडली, अमळनेरला काही काळ शिक्षण घेतले आणि पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. त्यानंतर कामगारांचे नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. अंगी विद्वत्ता होती, ओळखी होत्या. मुंबईत राहून नावलौकिक मिळविणे त्यांना अवघड नव्हते.

परंतु १९२९ साली ते हिप्परगा नावाच्या एका लहानशा गावी शिक्षक म्हणून गेले. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तेथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालत होती, तिचे मुख्याध्यापकपद त्यांनी स्वीकारले.

या निवडीचे मोल कळण्यासाठी त्या वेळचे हैदराबाद संस्थान डोळ्यांसमोर आणले पाहिजे. संस्थानात एकंदर सोळा जिल्हे होते : आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती आणि सरकारी माध्यमिक शाळांतून मुख्यतः तिच्यातूनच शिकविले जाई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग हिंदुस्थानात नवा आणि धाडसाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. उर्दू ही गोड आणि समृद्ध भाषा आहे, तिच्याशी कुणाचे वैर असण्याचे कारण नाही. परंतु खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला त्रिकोणाचे गुणधर्म समजून घेण्याआधी एक परकी भाषा समजून घ्यावी लागे. त्याला त्रिकोण कळत असे, पण सांगता येत नसे; आणि सांगता येत नाही म्हणून तो स्वतःला मंदबुद्धी समजू लागे. त्यात खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगीचा अडसर होताच. राजधानीत केशवराव कोरटकरांसारख्या धुरीणांच्या प्रयत्नाने १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. पण दूरच्या खेड्यांत सारा अंधारच होता.

हिप्परग्याची शाळा ही त्या अंधारातील पणती होती. इतिहास, गणित, भाषा हे विषय इतर शाळांप्रमाणेच येथेही होते. परंतु ते मुलाच्या स्वतःच्या भाषेतून शिकविले जात. ज्या मुलाला मनातील शंका आपल्या भाषेत विचारता येते, तो केवळ पाठांतर करीत नाही, विचार करू लागतो. आणि विचार करणारा मुलगा पुढे अन्यायाविषयीही प्रश्न विचारतो. माझी स्वतःची घरची बोली कोकणी आणि अध्यापनाची भाषा मराठी, त्यामुळे भाषेचा हा उंबरठा मुलाच्या पायाला कसा अडखळवतो हे मी वर्गात नेहमी पाहतो. येथे तर तो उंबरठा डोंगराएवढा होता.

हिप्परग्यास असतानाच त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेशाचे रामानंद तीर्थ झाले. अंगावर भगवी वस्त्रे आली, तरी त्यांनी ना गुहा शोधली ना मठ स्थापला. त्यांचा मठ म्हणजे वर्ग, आणि त्यांची तपश्चर्या म्हणजे अध्यापन. १९३५ साली हिप्परगा सोडून ते अंबाजोगाईस आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी बरोबर होते. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या उभारणीत त्यांनी स्वतःला झोकून दिले.

मग १९३८ साल उजाडले, आणि या शिक्षकापुढे कठीण प्रश्न उभा राहिला. शाळा जीव की प्राण. पण ज्या राज्यात सभा घेण्याचीही मोकळीक नाही, तेथे शाळेला तरी मोकळा श्वास कोठून मिळणार? स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला आणि महाराष्ट्र परिषदेचे व पुढे स्टेट काँग्रेसचे काम हाती घेतले. स्टेट काँग्रेसवर तर ती स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात याच हैदराबाद शहरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियाच्या अनेक विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले. त्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक होते. स्वामीजींना ते गुरुस्थानी मानीत.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत असताना स्वामीजींना अटक झाली. संस्थान भारतात सामील व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. हा लढा कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हता. इमरोज पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये आपले प्राण गमावले, हे आपण विसरू नये. अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

सत्ता जवळ आली, तेव्हाही स्वामीजींमधील शिक्षक जागाच राहिला. १९५० साली त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. नरहर कुरुंदकरांसारखे विचारवंत पुढे याच महाविद्यालयात प्राचार्य झाले. १९५२ व १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले. प्रत्येक भाषिकाला आपल्या भाषेत कारभार मिळावा म्हणून, ज्या राज्यासाठी तुरुंगवास सोसला त्या हैदराबाद राज्याचे विभाजन व्हावे, असा त्यांनी आग्रह धरला. १९५६ साली ते घडले. मराठवाडा आपल्या भाषाबांधवांत गेला. स्वामीजी मात्र हैदराबादेतच राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे.

आज नांदेडच्या विद्यापीठाला आणि अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक याहून साधे आहे. एखादी न समजलेली गोष्ट वर्गात उभे राहून आपल्या भाषेत निर्भयपणे विचारणारा विद्यार्थी, हेच ते स्मारक होय. मुलांनो, ते जतन करणे तुमच्या हाती आहे.