यमुनेची रमाबाई

कुणाची सून, कुणाची आई एवढीच का आपली ओळख? असे मनात आले की मला रमाबाई रानडे आठवतात.

१८६२ साली सांगलीकडील देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी त्या जन्मल्या. माहेरचे नाव यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानड्यांशी लग्न होऊन त्या रमा झाल्या. तेव्हा अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतले. घरातल्या बायका टोचून बोलत. रमाबाईंनी ते सोसले, पण पुस्तक सोडले नाही.

१९०१ साली पती वारले. त्या काळी विधवेने कोपरा धरायचा. रमाबाईंनी मात्र १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले. कितीतरी बायका तिथे शिकल्या, शुश्रूषेचे काम शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९१० साली रमाबाईंनी आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यातही मान पतीलाच दिला. पण पतीमागे २३ वर्षे, १९२४ साली देह ठेवीपर्यंत, काम ओढले ते त्यांनी स्वतः.

पत्नीपण त्यांनी टाकले नाही. त्यात मावून त्या उरल्या. सासरने दिलेले नाव त्यांनी कामाने आपले केले. भाईंदरला दारावर पाटी घरधन्यांची असते. मंडळाच्या वहीत मात्र आपले नाव आहे. त्या नावापुढे आपले कामही लिहिले जावे.