नावांच्या मागची माणसे शोधणारा धर्मगुरू

एज्राच्या दुसऱ्या अध्यायातील नामावळी आपण बहुधा घाईने ओलांडून जातो. तेथे क्षणभर थांबा. एका पुरुषाने बर्जिल्लय गिलादी याच्या कन्येशी विवाह केला व सासऱ्याच्या घराण्याचे नाव धारण केले. पुढे त्याच्या वंशजांनी वंशावळीत आपली नोंद शोधली. ती न सापडल्याने त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आले. नावाचा धागा तुटला म्हणजे वारसाही हातचा जातो, तो असा. कॅनडातील फ्रेंच भाषक कुटुंबांचे असेच तुटलेले धागे जोडण्यात सिप्रियाँ तँगे या कॅथलिक धर्मगुरूने आपले आयुष्य वेचले.

तँगे यांचा जन्म १८१९ साली क्वेबेक शहरात झाला. १८४३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रिमूस्की येथे त्यांनी काही वर्षे मंडळीची सेवा केली. १८६५ साली सरकारने त्यांना आकडेवारीच्या कामावर नेमले आणि चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जुन्या नोंदवह्या हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

त्या नोंदवह्या म्हणजे मोठेच धन होते. विवाहाच्या नोंदीत बहुधा वधू व वर या दोघांच्याही आईवडिलांची नावे असत. स्त्रीची नोंद विवाहानंतरही माहेरच्या नावानेच होई. त्यामुळे आजी-पणजीचे घराणेही शोधता येई. १६४० साली क्वेबेकचे चर्च आगीत जळाले, तेव्हा नष्ट झालेल्या नोंदी लोकांच्या स्मरणातून पुन्हा लिहून काढण्यात आल्या होत्या.

परंतु, वाचकहो, खरी अडचण आडनावांची होती. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव मिळे. कोणी 'लाफ्लर' म्हणजे फूल, तर कोणी 'साँसूसी' म्हणजे निश्चिंत. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर पलटण कॅनडात आली आणि अशी अनेक नावे तेथे रुजली. शेताच्या किंवा मूळ गावाच्या नावावरूनही अशी उपनावे पडत. मूळ आडनाव व उपनाव यांमध्ये 'दि', म्हणजे 'ऊर्फ', हा शब्द लिहीत. पुढच्या पिढ्यांत कोणी एक नाव ठेवले, कोणी दुसरे. पिएर युदाँ दि बोल्यू या एकाच पुरुषाचे काही वंशज युदाँ झाले, तर काही बोल्यू. एकाच रक्ताची माणसे एकमेकांना परकी वाटू लागली.

तँगे यांनी ही नावे एकमेकांशी जुळवून दाखवली. त्यांचा वंशावळी कोश १८७१ ते १८९० या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात राज्यपाल आहेत, तसेच शेतकरी, सुतार व साधे शिपाईही आहेत. एवढ्या प्रचंड कामात चुका राहिल्या व पुढच्या अभ्यासकांनी त्या सुधारल्या. पण त्यांना आधार होता तो याच कोशाचा. १९६६ साली माँट्रियल विद्यापीठाने अशाच नोंदवह्यांवरून जुन्या लोकसंख्येचा अभ्यास हाती घेतला. तँगे १९०२ साली ऑटवा येथे निवर्तले.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या कपाटातही अशा नोंदवह्या असतील. त्यांना वाळवी व ओल यांपासून जपा. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर आजीचे माहेरचे नाव, आजोबांचे गाव व कुटुंबाचे पूर्वीचे आडनाव त्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. पुढे एखादे नातवंड त्या वहीत आपली माणसे शोधील; त्याला ती सापडावीत.